दंड आवळायची शस्त्रक्रिया: कातडी जाते, व्रण राहतो

२०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि "किती उतरलं?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही ऐकू येऊ लागला. कुणी इंजेक्शन घेतं, कुणी बॅरिअॅट्रिक म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन करून घेतं, कुणी साताऱ्यात रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढतं. २५-३० किलो उतरतात. मग एके दिवशी दोरीवरचे कपडे काढायला हात वर जातो आणि दंडाखाली कातडीची झोळी हलताना दिसते.

ही झोळी कापून दंड आवळून देणाऱ्या शस्त्रक्रियेला ब्रॅकिओप्लास्टी म्हणतात. बोलताना सगळे 'आर्म लिफ्ट' म्हणतात, आपणही तेच म्हणू. हिच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो असतात, आणि नंतरच्या फोटोत बहुधा हात असा धरलेला असतो की व्रण दिसू नये. म्हणून ते आधीच सांगितलेलं बरं. आर्म लिफ्ट हा सौदा आहे. सैल कातडी द्यायची आणि बदल्यात काखेपासून कोपरापर्यंतचा कायमचा व्रण घ्यायचा. बिनबाहीचा ब्लाउज घालता यावा एवढ्याचसाठी निघालेल्या बाईने इथे दोन मिनिटं थांबावं, कारण बाही नसली आणि हात वर केला की तो व्रणच आधी दिसतो.

कातडी आपोआप का आवळत नाही?

त्वचेच्या आतल्या थरात दोन तऱ्हेचे तंतू असतात. कोलॅजन ताकद देतं, सुतळीसारखं. इलॅस्टिन ताणलं की परत येतं, पायजम्याच्या इलॅस्टिकसारखं. दोन-चार महिने ताणलेलं इलॅस्टिक परत येतं, पंधरा वर्षं ताणून राहिलेलं येत नाही. उशीतला अर्धा कापूस काढला म्हणून अभ्रा लहान होत नाही, तसंच हे. वजन किती वर्षं होतं, किती उतरलं, वय किती, तंबाखूची सवय आहे का, यांवर कातडी किती मागे येईल ते ठरतं. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा मुळातच पातळ असते, म्हणून तिथे सैलपणा लवकर उघडा पडतो.

"मग डंबेल्स मारून जाणार नाही का?" थोडा फरक पडतो. दंडाच्या मागचा स्नायू भरला तर अभ्र्यात जरा कापूस परत येतो, आणि सैलपणा मुळात कमी असेल तर तेवढ्याने भागतंही. पण व्यायाम स्नायूला होतो, कातडीला नाही. मुठीत मावेल एवढी झोळी असेल तर जिमचं वर्षभराचं पॅकेज घेऊनही ती तिथेच राहणार. क्रीम आणि तेलाच्या मालिशने त्वचा मऊ होते, आखूड होत नाही. उष्णता देऊन त्वचा आवळणारी यंत्रं असतात. किंचित सैलपणात त्यांचा थोडा उपयोग होतो. लोंबणाऱ्या दंडावर ती चालवणं म्हणजे ढगळ सदऱ्याला इस्त्री करून तो अंगाबरोबर बसेल अशी आशा धरणं.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात?

ब्लाउजची बाही सैल झाली की टेलर ती उलटी करतो, खडूने रेघ मारतो, जास्तीचं कापड आत घेऊन टीप मारतो. सर्जनही जवळपास हेच करतो, फक्त त्याला पुन्हा उसवून बघायची सोय नसते.

खडूची रेघ भूल द्यायच्या आधी मारतात. तुम्हाला उभं किंवा बसतं करून, हात खांद्याच्या उंचीला आडवा आणि कोपरात काटकोनात वाकवून, मार्करने किती कातडी काढायची ते आखतात. आडवं पडल्यावर झोळी बाजूला सरकते आणि अंदाज चुकतो, म्हणून ही आखणी जागेपणीच होते. त्या वेळी आरशात बघा आणि व्रण कुठे येणार ते बोटाने दाखवून घ्या. हा प्रश्न विचारायची ती शेवटची वेळ असते.

मग पूर्ण भूल. हात दोन्ही बाजूंना पसरून ठेवतात. सलाइनमध्ये रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनलिन मिसळून ते दंडात भरतात, त्यामुळे रक्त कमी जातं. बऱ्याचदा आधी लायपोसक्शनने, म्हणजे बारीक नळीने, चरबी ओढून घेतात. त्यानंतर आखलेली कातडी कापून आतून दोन-तीन थरांत विरघळणारे टाके घालतात. काही सर्जन आत साचणारं पाणी बाहेर यावं म्हणून बारीक नळी, म्हणजे ड्रेन, ठेवतात, काही ठेवत नाहीत. दोन्ही दंडांना मिळून साधारण २ ते ३ तास लागतात.

यात दोन बारकावे आहेत. एक म्हणजे, दंड उघडा पडला की तो भराभर सुजायला लागतो. सगळी कातडी एकदम कापून टाकली आणि मग शिवायला घेतलं तर कडा जुळतच नाहीत. म्हणून जाणता सर्जन थोडं कापतो, तेवढं जोडतो, पुन्हा थोडं कापतो. दुसरा बारकावा मज्जातंतूचा. हाताच्या आतल्या बाजूला मनगटाकडे संवेदना नेणारा एक मज्जातंतू कोपराच्या वर काही अंतरावर खोल थरातून वर येतो आणि चरबीतून धावतो. तिथे चरबीचा पातळ थर मुद्दाम तसाच ठेवावा लागतो. तो ठेवला नाही आणि मज्जातंतू कापला गेला तर हाताची आतली बाजू बधिर राहते, क्वचित ठणकत राहते.

काढलेली कातडी एका दंडामागे बहुधा काहीशे ग्रॅम भरते. वजनाच्या काट्यावर दिसेल असं यात काही नाही.

व्रण कुठे, केवढा?

ब्लाउजच्या बाहीची शिवण आतल्या बाजूला जिथे येते, बहुतेक सर्जन व्रण तिथेच ठेवतात. हात खाली असताना तो लपतो. काहीजण तो जरा मागच्या बाजूला घेतात. तो समोरून दिसत नाही, पण मागे उभ्या असलेल्याला दिसतो. कोणता बरा, यावर सर्जन मंडळींतच एकमत नाही. तुम्हाला आरशात दिसलेला जास्त सलेल की इतरांना दिसलेला, हे तुम्हीच सांगायचं.

लांबी झोळीवर ठरते. कातडी घट्ट आणि चरबीच जास्त असेल तर नुसतं लायपोसक्शन पुरतं, व्रण तीन-चार मिलिमीटरच्या ठिपक्यांचा. सैलपणा फक्त काखेजवळ असेल तर काखेतल्या वळीत लपणारा छोटा व्रण पुरतो. झोळी कोपरापर्यंत गेली असेल तर व्रणही कोपरापर्यंत. ४०-५० किलो उतरलेल्यांत झोळी काखेतून खाली छातीच्या बाजूला उतरते, मग व्रणही तिकडे जातो. काख ओलांडताना तो सरळ रेषेत नेला तर पुढे तो आखडतो आणि हात वर करताना दोरी ताणल्यासारखं ओढतं. म्हणून तिथे तो नागमोडी किंवा इंग्रजी झेड अक्षरासारखा वळवतात.

बाईला हमखास वाटतं की छोटा व्रणच बरा. पण झोळी कोपरापर्यंत असताना काखेतल्या छोट्या व्रणावर समाधान मानलं, तर वरची चार बोटं आवळतात आणि खालचं लोंबतच राहतं. "नुसती चरबी ओढून घ्या, व्रण नको" याचंही तेच. सैल अभ्र्यातून आणखी कापूस काढला तर अभ्रा आणखी सुरकुततो.

तारीख घ्यायची घाई कुणी करू नये?

पहिले, ज्यांचं वजन अजून हलतंय ते. वजन किमान ६ महिने २-३ किलोंच्या आत स्थिर हवं. बॅरिअॅट्रिक ऑपरेशन झालेल्यांना त्यानंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. आधी केलं आणि पुढे आणखी १० किलो उतरलं, तर शिवलेली बाही पुन्हा सैल. इंजेक्शनवाल्यांसाठी यात आणखी एक मेख आहे: इंजेक्शन बंद केलं की अनेकांचं वजन परत चढतं. पुढची दोन वर्षं औषध चालू ठेवणार की थांबवणार, हे वजनाच्या डॉक्टरांशी बोलून आधी ठरवा.

दुसरे, ज्यांच्या अंगात रक्त नाही. आपल्याकडच्या बायकांत हिमोग्लोबिन ९-१० वर चालढकल करायची सवयच आहे. बॅरिअॅट्रिकनंतर लोह, बी-१२ आणि प्रथिनं हमखास कमी पडतात, आणि जखम भरते ती प्रथिनांवर. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे उद्दिष्ट ठेवून ऑपरेशनच्या दोन महिने आधीपासून खाणं सुधारावं लागतं. अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, शिजलेल्या डाळीच्या वाटीत त्याहून फार जास्त नसतात. नुसत्या आमटी-भाकरीवर ६० ग्रॅम गाठणं अवघड आहे; दूध, दही, पनीर, अंडी, मटकी, सोयाबीन जाणूनबुजून वाढवायला लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७ च्या आसपास आणून मगच तारीख घ्यावी. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला कायमची सूज येण्याची भीती असते. तिथे बहुतेक सर्जन नको म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

कातडीचा स्वभावही बघावा. लहानपणी डाव्या दंडावर टोचलेल्या बीसीजीचा व्रण फुगून जाड झाला आहे का? कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का? सिझेरियनचा व्रण दोरीसारखा उठला आहे का? यातलं एकही उत्तर 'हो' असेल तर ते डॉक्टरांनी न विचारता सांगा. दंडावरचा व्रणही तसाच वागू शकतो.

मशेरी म्हणजे तंबाखूच

"सिगारेट ओढता का?" असं विचारलं की सातारा-सांगलीतली बाई ठाम "नाही" म्हणते, आणि ते खरंच असतं. मशेरी लावता का, हे कुणी विचारत नाही. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून तिचं निकोटीन थेट रक्तात जातं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ताणून शिवलेल्या कातडीच्या कडांना ज्या रक्ताची गरज असते तेच तिथे पोचत नाही. कडा आधी जांभळ्या, मग काळ्या पडतात, टाके उसवतात आणि बारीक रेघेच्या जागी रुंद डाग उरतो.

ऑपरेशनच्या आधी किमान ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे तंबाखूची कुठलीही तऱ्हा नको. मशेरी, विडी, गुटखा, मावा, तपकीर, सगळं यात आलं. निकोटीनचं च्युइंगगमही यातच धरा. "दात घासण्यापुरतीच लावते" ही पळवाट नाही. काही सर्जन लघवी तपासून घेतात आणि निकोटीनचा अंश सापडला तर तारीख पुढे ढकलतात. बायकांना ही अट सासूसमोर सांगायचा संकोच वाटतो, म्हणून चार आठवड्यांऐवजी चार दिवस पाळली जाते. त्यापेक्षा तारीखच उशिराची घ्यावी.

कोणत्या गोळ्या सांगायच्या?

सगळ्या. अॅस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या कधी थांबवायच्या ते हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. मनाने एकही बंद करू नका. अंगदुखीला घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, व्हिटॅमिन ई, लसणीच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, वैद्याचा काढा, हेही सांगायचं. यातल्या काहींनी रक्त वाहायचं लवकर थांबत नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या गौरी-गणपतीला किंवा लग्नकार्याला सहज घेतल्या जातात. त्या हार्मोनच्या असतात आणि पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढवू शकतात. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. ऑपरेशनच्या दिवशी पाळी आली तर काही बिघडत नाही, म्हणून पाळी टाळायला गोळी घेऊन जाऊ नका.

वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर ते भूलतज्ज्ञाला स्वतंत्रपणे सांगा. या औषधांनी जठर हळू रिकामं होतं. उपाशी राहूनही पोटात अन्न उरलं असेल तर भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोस किती दिवस आधी थांबवायचा, आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थांवर राहायचं का, हे भूलतज्ज्ञ ठरवतात.

उपाशी राहायचा साधारण नियम असा: शिजलेलं अन्न ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. इथे हमखास चूक होते ती चहाची. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, अन्नात मोजतात. पहाटेच्या कपभर चहामुळे सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं, असं होऊ शकतं.

काखेतले केस आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक चिरा पडतात आणि त्यांतून जंतू शिरतात. दवाखान्यात कातरयंत्राने काढतात. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, जोडवी, नेलपॉलिश सगळं काढावं लागतं. काचेच्या बांगड्या तर पुढे तीन-चार आठवडे घालता येत नाहीत, कारण हातावर सूज उतरते आणि बांगडी रुतते. घरात यावरून कुरकुर होणार असेल तर ती आधीच होऊन जाऊ दे.

सहा आठवडे घर कसं चालणार?

पोटाचं ऑपरेशन असलं तर हात मोकळे असतात. इथे दोन्ही हातच अडकतात. बहुतेकांना एक रात्र दवाखान्यात ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस घट्टपणा आणि ठणका असतो, गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो. झोपायचं उताणं, दोन्ही हात उशांवर, मनगट कोपरापेक्षा वर. अंगठ्यापासून काखेपर्यंत किंवा मनगटापासून वर येणारी दाबाची बाही साधारण ४ ते ६ आठवडे दिवसरात्र घालायची असते. दोन जोड घ्या, एक धुवायला लागतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ही बाही घालून राहणं म्हणजे शिक्षा. हिवाळा जास्त सोसतो.

हात अंगाला चिकटवून मात्र बसायचं नाही, खांदा आखडतो. दुसऱ्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवा. हात खांद्याच्या उंचीपर्यंत हळूहळू नेता येतो. खांद्याच्या वर ३-४ आठवडे नको. म्हणजे फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा नको, दोरीवर कपडे वाळत घालणं नको, एसटीत वरचा दांडा धरून उभं राहणं नको.

४ ते ६ आठवडे दोन-अडीच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली कळशी १० किलोच्या पुढे जाते, कडेवरचं वर्षाचं मूल ८-९ किलोचं असतं, पाच लिटरचा कुकर भरला की नियमात बसत नाही. भाकरी थापणं, कणीक मळणं, धुणं आपटणं, म्हशीची धार काढणं, या सगळ्यांत दंड ताणला जातो. खुर्चीतलं काम १ ते २ आठवड्यांत जमतं. स्कूटर दुखल्याशिवाय आणि अचानक ब्रेक दाबता येईल तेव्हाच, साधारण तीन आठवड्यांनी. घरात शौचाचं भांडं भारतीय पद्धतीचं असेल तर उठताना हातावर भार येतो. पहिले दोन आठवडे खुर्चीचं भांडं किंवा धरायला कुणीतरी हवं.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदार घरातल्या बायकांनी छाटणीच्या तोंडावर तारीख घेऊ नये. मांडवाखाली दिवसभर हात वर धरून काम करणं म्हणजे नेमकं जे नको तेच. कृष्णाकाठच्यांनी जुलैअखेर ते ऑगस्टही टाळलेला बरा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कितीतरी गावांचे रस्ते तुटले होते. टाके बघायच्या तारखेला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती, हे विचारत बसायची वेळ नको.

काय काय बिघडू शकतं?

सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते किरकोळ असतं, पण चिवट असतं. काखेजवळ, जिथे घाम असतो आणि ताणही सगळ्यात जास्त असतो, तिथे टाक्यांची फट सेंटिमीटरभर उघडते. ड्रेसिंग करत राहिलं की दोन-चार आठवड्यांत ती भरते. या फटीत हळद भरायचा मोह सांगलीत तरी होणारच, बाजारपेठच हळदीची. पण उघड्या जखमेत स्वयंपाकघरातली हळद भरली की ती निर्जंतुक नसते, आणि जखमेचा खरा रंगही डॉक्टरांना दिसत नाही. टाल्कम पावडर आणि डिओही नको.

दुसरं, कातडीखाली पिवळसर पाणी साचतं. दाबलं की फुग्यातल्या पाण्यासारखं हलतं. सुईने काढतात, कधी दोन-तीन वेळा काढावं लागतं. दंडाच्या किंवा हाताच्या आतल्या बाजूचा बधिरपणा बऱ्याच जणींना काही महिने राहतो, थोड्यांना कायमचा. दोन्ही दंड तंतोतंत सारखे होत नाहीत, आधीही नव्हतेच.

थांबून चालत नाही अशा गोष्टी वेगळ्या. पहिल्या २४ तासांत एकच दंड अचानक टणक, फुगीर आणि फार दुखरा झाला तर आत रक्त साचतंय असं समजायचं. मध्यरात्र असली तरी फोन करायचा, कधीकधी पुन्हा ऑपरेशन टेबलवर न्यावं लागतं. बोटं निळी, गार किंवा बधिर झाली तर दाबाची बाही लगेच सैल करा आणि मग फोन करा. १०१ च्या वर ताप, पू, घाण वास, काळी पडत जाणारी कड, यांना त्याच दिवशी दाखवा. एका पोटरीला सूज येऊन ती दुखली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर जवळच्या मोठ्या दवाखान्याचा अपघात विभाग गाठा, सर्जनच्या फोनची वाट बघू नका. गुठळी टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याच संध्याकाळपासून घरात किंवा वॉर्डात चालणं. हात बांधलेत, पाय नाहीत.

म्हणूनच पुण्यात ऑपरेशन करून त्याच रात्री खंबाटकीचा घाट उतरून साताऱ्याला यायचा बेत करू नका. पहिले काही दिवस सर्जनपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहा.

व्रणाची वर्षभराची शेती

व्रण पहिल्या सहा आठवड्यांत बरा दिसतो, मग तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लाल, जाड, खाजरा होतो. नेमक्या याच टप्प्यावर बायका घाबरतात आणि फसलो असं म्हणतात. तो मऊ आणि फिका व्हायला १२ ते १८ महिने लागतात. जखम पूर्ण बंद झाली की सिलिकॉनची पट्टी किंवा जेल, पट्टी असेल तर दिवसातून १२ तासांच्या वर, असं तीन महिने तरी. सावळ्या कातडीत उन्हाने व्रण काळा पडतो, म्हणून वर्षभर बाही किंवा सनस्क्रीन. जाड होत चालला तर स्टेरॉइडची इंजेक्शनं लवकर दिली तर उपयोगी पडतात. वर्ष थांबून नाही. व्रण सुधारायची छोटी शस्त्रक्रियासुद्धा वर्षाआत करत नाहीत.

पैसे कोण देणार?

बहुधा तुम्हीच. विमा नियामकाच्या ठरीव अपवादांत, म्हणजे विमा ज्यांचे पैसे देत नाही त्या गोष्टींत, आठव्या क्रमांकाला सौंदर्यासाठीची किंवा प्लास्टिक सर्जरी आहे. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, नाहीतर वैद्यकीय गरज म्हणून केलेली शस्त्रक्रिया एवढीच त्यातून सुटते. झोळीखाली वारंवार पुरळ येत असेल तर कागदपत्रं जोडून विचारायला हरकत नाही, आशा मात्र बेताची ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसत नाही. शिवाय आरोग्यसेवेला जीएसटी माफ असला तरी सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला ती माफी नाही. म्हणून तोंडी सांगितलेला आकडा करासह आहे की कराविना, ते विचारा. लेखी अंदाजपत्रकात सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, खोली, तपासण्या, औषधं, दाबाच्या बाह्या आणि नंतरची ड्रेसिंगं वेगवेगळी मांडलेली हवीत. पुन्हा टाके घालावे लागले तर पैसे कोणाचे, ही ओळही त्यात हवी.

सर्जन नीट आहे हे कसं ओळखायचं?

मिरज हे दवाखान्यांचंच गाव, कराड-साताऱ्यातही कमी नाही. पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहायला मात्र कुणालाही अडत नाही. पदवी बघा: प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्याच विषयातली डी.एन.बी. अथवा डॉ.एन.बी. त्वचेचा किंवा कॉस्मेटॉलॉजीचा छोटा कोर्स ही शस्त्रक्रियेची पदवी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. ज्या दवाखान्यात ऑपरेशन होणार त्याची १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखालची नोंदणी भिंतीवर लावलेली असते. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, आणि रात्री फोन कोण उचलणार, हेही विचारा.

फोटो मागताना एक वर्षानंतरचे, हात वर केलेले मागा. कातडी आपल्यासारखीच सावळी असलेल्या बाईचे असतील तर उत्तम. असे फोटो दाखवताना जो सर्जन स्वतःहून "हा व्रण जरा जाड झाला" असं बोट ठेवून सांगतो, त्याच्याकडे बसून बोलण्यात अर्थ आहे. "व्रण दिसतच नाही" म्हणणाऱ्याचा चहा पिऊन उठावं.

आणि ऑपरेशन झालं म्हणून लगेच नवे ब्लाउज शिवायला टाकू नका. सूज उतरायला तीन ते सहा महिने लागतात, त्यात दंडाचं माप बदलत राहतं. त्याआधी लग्नकार्य आलंच तर टेलरला बाहीच्या आत दाब, म्हणजे शिवणीतलं दुमडलेलं कापड, जास्त ठेवायला सांगा आणि शिवणीची जाड कड व्रणावर येणार नाही अशी वळवून घ्या. नाहीतर दोन्ही रेघा एकाच जागी येतात आणि घासतात.